चोरून केलेली बी.ए.

हिरामण आप्पांच्या हातात कुठलीही वस्तू आली की ते आधी ती उजेडासमोर धरतात. शंभराची नोट धरली तर आपण समजू शकतो. पण आप्पा पापड धरतात, विड्याचं पान धरतात, डॉक्टरनं लिहिलेली चिठ्ठी धरतात, आणि एकदा आमच्याकडे सत्यनारायणाच्या जेवणाला बसले तेव्हा केळीचं पानसुद्धा दोन्ही हातांनी उचलून खिडकीकडे धरलं होतं. भटजी बघतच राहिले. आप्पा आपल्या खानदेशी अहिराणीत म्हणाले, "हाई सरळ दिखत नही." पानाला बारीक भोक होतं, हे मात्र खरं.

मी मूळचा जालन्याकडचा, सुरतेत मराठी शाळेवर मास्तर. नवागामला रो-हाउसची एक ओळ आहे, तिच्यात माझं आणि आप्पांचं घर एका भिंतीचं. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी आप्पा शेजारी म्हणून भेटायला आले. मी मास्तर आहे असं सांगितलं तर म्हणाले, "कागद शे का काही?" मी पण शहाणा, नेमणुकीचं पत्र काढून दाखवलं. त्यांनी ते सूर्यासमोर धरलं, मागून पाहिलं, शिक्का बोटानं घासला आणि परत देत म्हणाले, "असू द्या. सध्या तरी बरोबर वाटतंय." त्या 'सध्या तरी'चा राग मला चार दिवस पुरला.

पुढे कळलं की त्यांचा धंदाच तसा. आप्पा एका पॉवरलूम कारखान्यात ताका चेकर होते. लूमवरून उतरलेलं लांबच लांब कापड म्हणजे ताका. तो काचेच्या टेबलावरून ओढायचा, काचेखाली ट्यूबलाइट, वरून आप्पांचे दोन डोळे. तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ पट्टी, जे दिसेल त्याच्यासमोर किनारीला लाल खूण करायची. बावीस वर्षं हेच काम. नियम एकच, ज्याला दोष दिसला त्यानं खूण केलीच पाहिजे. दिसूनही ताका पुढे ढकलला तर तो चोर. कारखान्याचा शेठ गुजराती, पण त्या लाल खुणेपुढे त्याचंही काही चालत नसे. "हिरामणभाई ना पाडे एटले ना," असं तो व्यापाऱ्यांना सांगायचा. हिरामणभाईनं नाही म्हटलं म्हणजे नाही, विषय संपला.

तिथपर्यंत ठीक होतं. पण आप्पा ते काचेचं टेबल डोक्यात घेऊनच घरी येत. ओळीतल्या कोणाचं लग्न जमवायचं असलं तर लोक त्यांना न्यायला घाबरायला लागले. कारण मुलाकडचे म्हणाले, आमचा मुलगा निर्व्यसनी आहे, तर आप्पा विचारायचे, "कधीपासून?" एखाद्या ताक्यात एकही दोष सापडला नाही तर ते खूश होत नसत. तो ताका उलट्या टोकानं पुन्हा लावत. "बिनडागना ताका राहत नही, गुरुजी," असं मला सांगत. "आपल्याला दिसला नाही एवढंच."

असा माणूस एका संध्याकाळी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन माझ्याकडे आला. घडी उलगडून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "याच्यात खोट काय आहे ते सांगा."

कात्रण एका मुक्त विद्यापीठाच्या जाहिरातीचं होतं. वय कितीही असो, नोकरी सांभाळून घरबसल्या बी.ए. करा. पूर्वी दुसऱ्या विद्यापीठात जी वर्षं पास केली असतील ती इथे धरली जातील, उरलेलीच तेवढी करायची. फीसुद्धा गिरणीकामगाराला झेपेल अशी.

"खोट काही नाही," मी म्हटलं. "पण तुम्हाला काय करायचंय?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आप्पा धुळ्याला कॉलेजात होते. बी.ए.ची दोन वर्षं पास केली, तिसरं राहिलं. मोठा भाऊ वारला, घरात कमावणारं कोणी उरलं नाही, म्हणून पुस्तकं टाकून सुरतेला आले ते इथलेच झाले. आता एक वर्ष केलं की पदवी. आणि ती त्यांना हवी होती, हे त्यांच्या हाताकडे बघून कळत होतं. बोलता बोलता ते कात्रणाची घडी पुन्हा पुन्हा बोटानं सरळ करत होते.

पण हवी असली म्हणून काय झालं, संशय नको फिटायला? "बावीस वर्षं गोदामात पडलेला माल आजच्या भावानं कोण घेतं, गुरुजी?"

"आप्पा, विद्या म्हणजे काय कापड आहे? ती कुजत नसते."

"मग विचारा मला, औरंगजेब कधी मेला."

मी विचारलं. त्यांना सांगता आलं नाही. "बघा, कुजली ना," असं म्हणून ते समाधानानं घरी गेले.

पण गप्प बसले नाहीत. विद्यापीठाला चौकशीची दोन पत्रं धाडली, एक स्वतःच्या नावानं आणि एक मला न विचारता माझ्या नावानं. दोघांना वेगळी उत्तरं येतात का ते बघायचं होतं. दोन्ही उत्तरं शब्दाला शब्द सारखी आली. मला वाटलं, आता तरी समाधान झालं असेल. आप्पा म्हणाले, "दोन्ही सारखी शेतस म्हणजे आधीच ठरवून ठेवलंय यांनी."

शेवटी मीच वैतागून म्हटलं की चला, नंदुरबारला त्यांचं अभ्यासकेंद्र आहे, फॉर्म भरून टाकू. तिथल्या कारकुनानं जुन्या गुणपत्रिका बघायला मागितल्या. आप्पांनी पुढे केल्या, पण सोडल्या नाहीत. एक कोपरा कारकुनाच्या चिमटीत, दुसरा आप्पांच्या. नक्कल पडताळून होईपर्यंत दोघं तसेच उभे. मी दाराकडे बघत होतो, मी यांच्याबरोबरचा नाहीच असा चेहरा करून.

आणि एक अट होती. ही गोष्ट कमलवहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कळता कामा नये. पुस्तकं माझ्या घरी राहतील, विद्यापीठाची पत्रं माझ्या पत्त्यावर येतील. मला आईची शपथ घ्यायला लावली. घेतल्यावर विचारलं, "आई हयात आहे ना?"

आता संशय यायची पाळी माझी होती. माणूस चोरून दारू पितो, चोरून पत्ते कुटतो, पण चोरून बी.ए.? कारखान्यात चेकरला पदवीचा काही उपयोग नाही. पोरगी लग्न होऊन शिरपूरला नांदते आहे, तिला शिकलेला बाप दाखवायची गरज नाही. शेचाळीसाव्या वर्षी हा माणूस स्वतःच्या बायकोपासून पदवी लपवतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. मला वाटलं, सोसायटीच्या चेअरमनपदाला उभं राहायचं असेल. नाही तर काही कोर्टाचं लफडं असेल. विचारलं की एकच उत्तर, "आहे काहीतरी."

दर रविवारी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून नंदुरबारच्या वर्गाला जायला उधना स्टेशनावरून पॅसेंजर पकडायचे. वहिनींना सांगितलेलं की गावाकडे शेताची मोजणी चालू आहे. ही मोजणी सहा महिने चालली. एवढ्यात अख्खा खानदेश मोजून झाला असता. एका सकाळी नळावर वहिनींनी मला गाठलं.

"गुरुजी, आप्पा आईतवारले कोठे जातस?"

"मोजणीला, वहिनी."

"मोजणीले इस्त्री लागस का?"

मी बादली अर्धीच भरून घरात पळालो. आमची ही म्हणाली की तुम्हीही त्यांच्यात सामील दिसताय, लाज नाही वाटत? काय सांगणार. शपथ आईची होती आणि आई हयात होती.

सकाळच्या पाळीआधी तासभर आप्पा माझ्याकडे बसून अभ्यास करायचे. इतिहास घेतला होता. आजवर मी शेकडो पोरांना इतिहास शिकवला, पण इतिहासाची अशी उलटतपासणी कोणी केली नाही. तह वाचला की विचारायचे, "साक्षीदार कोण होता?" अमुक राजानं प्रजेसाठी तळी बांधली, यावर म्हणाले, "हे कोणी लिहिलंय, राजाच्या माणसानं का प्रजेनं?" मी म्हटलं, आप्पा, परीक्षेत एवढं विचारत नाहीत, घोका. ते म्हणाले, "न तपासता माल पुढे ढकलू?" आणि पुन्हा पहिल्या पानावर गेले. तरी त्यांनी अभ्यास केला, खरंच केला. डोळ्यांना चष्मा लागला, तोही वहिनींना कारखान्यातल्या कामानं लागला असं सांगितलं.

परीक्षा झाली. शेवटचा पेपर देऊन परत आले ते थेट माझ्याकडे, चेहरा फुललेला.

"सगळे पेपर वेळेआधी लिहिले, गुरुजी. उरलेल्या अर्ध्या तासात तपासून खुणाही केल्या."

"कसल्या खुणा?"

"लाल. समासात. जिथं जिथं मला डाग दिसला तिथं. चार पेपरांत मिळून एकतीस."

मी कपाळावर हात मारला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. स्वतःच्या उत्तरपत्रिकेत स्वतःच्या चुकांवर लाल खुणा करणारा परीक्षार्थी मी तरी आजपर्यंत पाहिला नव्हता. "अहो, चुका काढायचं काम तपासणाऱ्याचं!" आप्पांना माझं बोलणं कळेचना. दोष दिसला आणि खूण न करता दिला, तर ते चोर नाही का ठरले?

निकालाऐवजी पत्र आलं. निकाल राखून ठेवला आहे, उत्तरपत्रिकांत संशयास्पद खुणा आढळल्या आहेत, अमुक तारखेला चौकशी समितीपुढे हजर राहा. खुलासा पटला नाही तर परीक्षा रद्द, आणि आधीची धरलेली दोन वर्षंही गेली. जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतलेल्या माणसावर आता विद्यापीठानं संशय घेतला होता. दुसरा कोणी असता तर मी हसलो असतो. आप्पा पत्र हातात घेऊन माझ्या पायरीवर खालीच बसले. उजेडासमोर धरलंसुद्धा नाही.

चौकशीला मी बरोबर गेलो. गाडीत बसल्यावर मी शेवटचं विचारलं, "आप्पा, मी खोटं बोललो, बायकोच्या शिव्या खाल्ल्या, शाळा बुडवून आलोय. आता तरी सांगा. ही पदवी वहिनींपासून का लपवायची?"

 खिडकीबाहेरच्या उसाकडे बघतच ते बोलायला लागले.

"तिला वाटतं, मी बी.ए. आहे."

लग्न ठरलं तेव्हा आप्पांच्या वडिलांनी मुलीकडच्यांना सांगून टाकलं की पोरगा बी.ए. झालाय. लग्नपत्रिकेत छापलं, चि. हिरामण, बी.ए. आप्पांनी पत्रिका पाहिली ती सगळ्या गावात वाटून झाल्यावर. मुलगी सातवी पास, तिच्या माहेरी कौतुक की जावई बी.ए. आता तोंड उघडलं तर बापाची अब्रू जाते, म्हणून ते बसले मान खाली घालून. आज सांगू, उद्या सांगू करता करता बावीस वर्षं गेली. वहिनी ओळीतल्या बायांचे फॉर्म, अर्ज, पत्रं घेऊन यायच्या की आमच्याकडे लिहून घ्या, घरात शिकलेलं माणूस आहे. आप्पा ती पत्रं लिहायचे आणि मनात मरायचे.

"मीच तो ताका, गुरुजी. डाग माहीत असून पुढे ढकललेला."

चोराच्या मनात चांदणं, ही म्हण मी वर्गात दर वर्षी शिकवतो. तिचा अर्थ मला त्या गाडीत कळला. हा माणूस जगातला प्रत्येक कागद उजेडासमोर का धरतो, तेही कळलं, आणि मला त्या 'सध्या तरी'चा आलेला राग आठवून लाज वाटली.

समितीत तिघं होते, मधोमध एक वयस्कर बाई प्राध्यापक. त्यांनी उत्तरपत्रिका पुढे टाकल्या आणि सरळ विचारलं, "या खुणा कोणासाठी होत्या? इथे गुण द्या, असा इशारा होता का?"

"नाही बाई. हे डाग शेतस," आप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"इथं माझी चूक झालीय. म्हणून खूण केली."

शेजारचे गृहस्थ हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या खुणेवरचं उत्तर वाचलं. साल चुकलं होतं. दुसरी खूण, राजाच्या मुलाच्या जागी पुतण्याचं नाव. तिसरी, चौथी, पाचवी. मग तिघांनी वाटून घेतल्या. खोलीत पानं उलटल्याचाच आवाज. एकतीस खुणांपैकी तीस ठिकाणी चूक होती, आणि परीक्षकानंही नेमके तिथेच गुण कापले होते.

"एवढं कळत होतं, तर दुरुस्त का नाही केलंत?" बाईंनी विचारलं.

"बाई, चूक कुठं आहे ते मला दिसतं. बरोबर काय ते नाही दिसत. मी चेकर शे, विणणारा नही."

आता बाई हसल्या. म्हणाल्या, पण ही एक खूण चुकीची आहे, इथे तुमचं उत्तर बरोबर आहे. तेवढ्यावर विषय मिटला असता. पण आप्पा म्हणाले, "नसंल बरोबर. नीट देखा." मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. काही उपयोग झाला नाही, दहा मिनिटं ते स्वतःचं उत्तर चूक कसं आहे हे समितीला पटवत राहिले. मी मनातल्या मनात आमच्या जालन्यातल्या सगळ्या देवांना हात जोडले.

देवांनी ऐकलं म्हणायचं, की त्या बाईंनी. महिन्याभरात निकाल लागला, आप्पा दुसऱ्या वर्गात पास. घोडं गंगेत न्हालं. पावसाळा संपता संपता पदवी माझ्या पत्त्यावर पोस्टानं आली. आप्पांनी ती घेतली आणि हळूच विचारलं, "आता काय करू?"

"काय करू म्हणजे? वहिनींना दाखवा."

"काय म्हणून दाखवू? या सालची बी.ए. दाखवली तर त्या सालचं काय?"

 वर्षभराची धडपड आणि पदवी हातात आल्यावर माणूस तिला घेऊन लपायला जागा शोधतोय. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "ठेवली. जिथं पाहिजे तिथं ठेवली." मी पुढे विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी कपड्यांना ऊन दाखवायचे दिवस. एका बुधवारी आप्पा पाळीवर गेल्यावर कमलवहिनी आमच्याकडे आल्या. हातात दोन कागद होते. एक जुनी पिवळी पडलेली लग्नपत्रिका, दुसरी पदवी. वहिनींच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत, पत्रिकेखाली ठेवलेली होती.

मी उभाच राहिलो.  वहिनीच खुर्ची ओढून बसल्या.

"मला वाटत होतं, नंदुरबारला कोणी बाई आहे," त्या म्हणाल्या. "बाई नही निंघनी, बी.ए. निंघनी."

"वहिनी, ते पत्रिकेतलं..."

"माहीत शे ना माले."

मग त्या जे बोलल्या ते अहिराणीत बोलल्या, मी माझ्या भाषेत सांगतो. लग्नाला तीन महिने झाले असतील. त्यांचा भाऊ धुळ्याच्या त्याच कॉलेजात चौकशी करून तणतणत आला. हा माणूस बी.ए. नाही, आपल्याला फसवलं, चल घरी. वहिनींनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, चहा पी आणि जा. हे लोक मला बघायला आले होते तेव्हा सगळे मोठमोठ्यानं बोलत होते. हा एकटा मान खाली घालून बसला होता. खोटं बोलणारा माणूस मान वर करून बसतो रे, मला तेव्हाच कळलं होतं की सगळं खोटं आहे आणि हा खरा आहे.

"मग बावीस वर्षं तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर ते माझ्यासमोर पुन्हा कधी मान वर करून बसले नसते," वहिनी म्हणाल्या. "फॉर्म घेऊन जायची ना मी त्यांच्याकडे, ते त्याच्यासाठीच."

पदवी मांडीवर ठेवून त्या तिच्यावरून हात फिरवत राहिल्या. डोळे भरले होते, पदरानं पुसले, तेही पदवीवर थेंब पडू नये म्हणून बाजूला वळून. आमची ही दारात उभी राहून रडत होती. मीही रडलो, उगाच कशाला नाही म्हणू.

मग वहिनींनी मला विचारलं, "गुरुजी, तुम्ही मास्तर आहात, तुम्हीच सांगा. मी आनंद कसा करू? मला तर काही माहीतच नाही ना."

 विचारता विचारताच त्यांनी उठून दोन्ही कागद पदराखाली घेतले आणि जसे होते तसे ट्रंकेत ठेवायला गेल्या. दुपारभर त्यांच्याकडून पुरणाचा वास येत होता. संध्याकाळी आमच्याकडे ताटलीत मांडे आले, खापरावर भाजलेले, तलम, तुपात भिजलेले. सण नाही, वार नाही, साधा बुधवार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पाळीवर जायच्या आधी माझ्या दारात येऊन थांबले.

"गुरुजी, काल घरी मांडे केले होते. विचारलं तर कमल म्हणे, माहेरना सन शे. तिच्या माहेरी काल काही सण असतो का?"

"असतो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. माझी नजर हलली, आणि ती त्यांना दिसली असणार, मला खोटं नीट बोलता येत नाही. मग आप्पांनी जेवणाचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"असंल," ते म्हणाले, आणि कामावर गेले.